टॅबलेटसाठी मेमरी कार्डाची निवड

पेरणीपूर्वी बियाणे पारखून घ्यावे, हे देगलूर तालुक्यातील शेतकऱ्यास नव्याने सांगावयास नको. घरचे सोयाबीन पेरावयाचे असल्यास ओल्या गोणपाटात शंभर दाणे गुंडाळून ठेवावेत, उगवलेले दाणे मोजावेत आणि त्यांवरून पेरणीचे प्रमाण ठरवावे, हा परिपाठ येथील अनेक घरांत पाळला जातो. दाणा बाहेरून टपोरा दिसला तरी तो उगवेलच असे नाही आणि त्याचा दोष पेरणीनंतर कळला तर हंगाम हातचा जातो, हे त्यामागील कारण होय. शेतीच्या नोंदी ज्यात साठवावयाच्या त्या मेमरी कार्डासही हाच न्याय लागू पडतो. कार्डाचा दोष खरेदीच्या दिवशी दिसत नाही. साठविलेली नोंद काढून दाखविण्याची वेळ येते तेव्हा तो उघडकीस येतो. म्हणून कार्ड कसे निवडावे व विश्वास टाकण्यापूर्वी त्याची परीक्षा कशी करावी, याचा विचार येथे केला आहे.

नोंदीचे नवे साधन

पूर्वी शेतीचा हिशेब खतावणीत व आठवणीत असे. आता त्यातील बराच भाग मोबाइलमध्ये आणि टॅबलेटमध्ये जाऊन बसला आहे. सन २०२१ च्या खरीप हंगामात राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली आणि आपल्या पिकाची नोंद शेतकऱ्याने स्वतः, शेतात उभे राहून काढलेल्या छायाचित्रासह करण्याची पद्धत रूढ झाली. त्याखेरीज कीड पडलेल्या पानाचे छायाचित्र काढून ते कृषी विभागाच्या कर्मचाऱ्यास अथवा सगरोळी येथील कृषि विज्ञान केंद्रातील तज्ज्ञास दाखविणे, परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाच्या शिफारशी उतरवून ठेवणे, बियाण्याच्या पिशवीवरील खूणचिठ्ठी व खताची पावती यांची छायाचित्रे जपणे, ही कामेही याच साधनावर होतात. ज्या घरांतील मुले नागपूरच्या महाज्योती संस्थेच्या प्रवेशपरीक्षा-प्रशिक्षणात शिकतात, तेथे अभ्यासासाठी मिळालेला टॅबलेटही असतो.

अशा नोंदीचे मोल आपत्तीच्या वेळी विशेष जाणवते. ऑगस्ट २०२५ च्या मध्यास शेजारच्या मुखेड तालुक्यात अतिवृष्टी झाली आणि लेंडी प्रकल्पाच्या परिसरातील हसनाळ, रावणगाव आदी गावांत पाणी शिरले. अशा प्रसंगी पंचनामा शासकीय कर्मचारीच करतात. तथापि पाणी येण्यापूर्वी पीक कसे होते आणि पाणी ओसरल्यावर शेताची काय अवस्था झाली, हे दाखविणारी तारीखवार छायाचित्रे शेतकऱ्यापाशी असतील तर त्यास आपले म्हणणे मांडणे सोपे जाते. अशी छायाचित्रे ऐन वेळी उघडेनाशी झाली तर ती पुन्हा काढता येत नाहीत, कारण ते पीक त्या वेळी शेतात राहिलेले नसते.

कार्ड कोणत्या कामाचे

टॅबलेटवर ‘जागा शिल्लक नाही’ अशी सूचना येऊ लागली म्हणजे कार्ड घेण्याचा विचार सुरू होतो. परंतु कार्डाने कोणती अडचण दूर होते व कोणती होत नाही, हे आधी समजून घेणे इष्ट. छायाचित्रे, चित्रफिती, ध्वनिफिती आणि कागदपत्रांच्या प्रती ठेवण्यासाठी कार्ड उत्तम. टॅबलेट मंद चालत असेल तर मात्र कार्ड घातल्याने तो वेगवान होतोच असे नाही. काम करतेवेळी लागणारी रॅम नावाची स्मृती निराळी असून ती कार्डाने वाढत नाही. तसेच अनेक ॲप आपली माहिती टॅबलेटच्या अंतर्गत साठ्यातच ठेवतात व ती कार्डावर हलविता येत नाही.

येथे एक सावधगिरी सांगणे आवश्यक आहे. जागा मोकळी करण्याच्या घाईत एखाद्या ॲपचा ‘डेटा’ पुसून टाकण्याची चूक पुष्कळदा घडते. पीक नोंदणीच्या ॲपमधील माहिती अद्याप पाठविली गेली नसेल, तर ती या कृतीने नाहीशी होऊ शकते. यास्तव नोंद पाठविली गेल्याची खात्री झाल्यावाचून ॲपचा डेटा पुसू नये व ॲपही काढून टाकू नये.

प्रथम टॅबलेट पाहावा

जमीन न पाहता वाण निवडणारा शेतकरी फसतो. त्याचप्रमाणे टॅबलेट न पाहता कार्ड घेणाराही फसण्याचा संभव असतो. दुकानात जाण्यापूर्वी घरीच पुढील तीन गोष्टी पाहून घ्याव्यात.

पहिली गोष्ट म्हणजे टॅबलेटला कार्डाची खाच आहे काय. सर्वच टॅबलेटना ती नसते. ॲपल कंपनीच्या आयपॅडमध्ये अशी खाच नसते आणि इतर कंपन्यांच्याही काही टॅबलेटमध्ये ती दिलेली नसते. खाच नसल्यास कार्ड घेण्यात अर्थ नाही. चार्जिंगच्या छिद्रास जोडता येणारा पेनड्राइव्ह चालतो काय, हे अशा वेळी पाहावे अथवा संगणकावर प्रत ठेवण्याची सोय करावी.

दुसरी गोष्ट म्हणजे खाचेची रचना. कित्येक टॅबलेटमध्ये सिमकार्ड व मेमरी कार्ड एकाच लहान तबकडीत बसतात. त्यातील काही तबकड्यांत एक घर दोहोंपैकी एकासाठीच असते. दुसरे सिम घातले तर कार्डास जागा उरत नाही, आणि कार्ड घातले तर दुसरे सिम काढावे लागते. दोन कंपन्यांची सिमकार्डे वापरणाऱ्याने हे आधीच पाहून ठेवावे.

तिसरी व सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे त्या टॅबलेटला जास्तीत जास्त किती जीबीचे कार्ड चालते. ही मर्यादा टॅबलेटबरोबर आलेल्या माहितीपत्रकात अथवा कंपनीच्या संकेतस्थळावर त्या नमुन्याच्या नावापुढे दिलेली असते. नमुन्याचे नाव सेटिंग्जमधील ‘टॅबलेटविषयी’ या सदरात आढळते. ते कागदावर उतरवून घ्यावे. नुसते कंपनीचे नाव सांगितल्याने काम भागत नाही, कारण एकाच कंपनीच्या निरनिराळ्या नमुन्यांची मर्यादा निरनिराळी असते. संस्थेकडून अथवा शाळेकडून मिळालेला टॅबलेट असल्यास त्यात बाहेरचे कार्ड घालण्यास मुभा आहे किंवा नाही, हेही त्या संस्थेस विचारावे. काही संस्था ती सोय बंद करून ठेवतात.

कार्डाच्या पिढ्या

टॅबलेटमध्ये बसणारे कार्ड मायक्रोएसडी या नावाने ओळखले जाते. ते १५ मिलिमीटर लांब, ११ मिलिमीटर रुंद व सुमारे १ मिलिमीटर जाड, म्हणजे हाताच्या बोटाच्या नखाएवढे असते. एसडी या मोठ्या कार्डाची घोषणा सन १९९९ मध्ये पॅनासॉनिक (तेव्हाची मात्सुशिता), सॅनडिस्क व तोशिबा या तीन कंपन्यांनी मिळून केली. मायक्रोएसडी हे त्याचे लहान रूप सन २००५ मध्ये मान्य झाले. मायक्रोएसडी कार्ड प्लॅस्टिकच्या अडॅप्टरमध्ये घालून मोठ्या खाचेत वापरता येते. मोठे कार्ड मात्र लहान खाचेत बसत नाही.

सर्व मायक्रोएसडी कार्डे आकाराने सारखी असली तरी त्यांच्या चार पिढ्या आहेत. पिढीचे चिन्ह कार्डावर छापलेले असते.

एसडी : २ जीबीपर्यंत. ही कार्डे आता क्वचितच आढळतात.
एसडीएचसी : २ जीबीहून अधिक, ३२ जीबीपर्यंत. सन २००६ पासून.
एसडीएक्ससी : ३२ जीबीहून अधिक, २ टीबीपर्यंत. सन २००९ पासून.
एसडीयूसी : २ टीबीहून अधिक, १२८ टीबीपर्यंत. सन २०१८ पासून. शेतकऱ्याच्या टॅबलेटसाठी याची आवश्यकता नाही.

यासंबंधीचा नियम सोपा आहे. नवे यंत्र जुन्या पिढीचे कार्ड वाचते. जुने यंत्र नव्या पिढीचे कार्ड वाचेल याची शाश्वती नसते. ज्या टॅबलेटला एसडीएक्ससी चालते त्यात ३२ जीबीचे एसडीएचसी कार्डही चालेल. ज्याची मर्यादा ३२ जीबी आहे त्यात मात्र ६४ अथवा १२८ जीबीचे कार्ड घालू नये.

जुन्या यंत्राचे एक उदाहरण घेता येईल. सन २०११ च्या ऑक्टोबरमध्ये विद्यार्थ्यांसाठी ‘आकाश’ हा स्वस्त टॅबलेट नवी दिल्लीत प्रसिद्ध करण्यात आला. त्याची कार्डाची मर्यादा ३२ जीबी होती. त्या काळचे अनेक टॅबलेट व मोबाइल याच मर्यादेचे होते. याउलट सन २०२१ च्या अखेरीस आलेल्या सॅमसंगच्या गॅलक्सी टॅब ए-८ या नमुन्यास १ टीबीपर्यंतचे कार्ड चालते. दोन्ही टॅबलेटमध्ये एकाच आकाराचे कार्ड जाते. म्हणून कार्ड खाचेत बसले एवढ्यावरून ते चालेल असा निष्कर्ष काढू नये.

पिढीबरोबर कार्डावरील मांडणीची पद्धतही बदलते. एसडीएचसी कार्ड फॅट-३२ या पद्धतीने मांडलेले असते, तर एसडीएक्ससी कार्ड एक्स-फॅट या पद्धतीने. जमिनीचे जसे गट पाडून त्यांना क्रमांक दिलेले असतात, तशी ही कार्डाच्या जागेची वाटणी समजावी. फॅट-३२ पद्धतीत ४ जीबी अथवा त्याहून मोठी एकच फाइल ठेवता येत नाही. छायाचित्रांस याची अडचण पडत नाही, परंतु दीर्घ चित्रफीत एवढी मोठी होऊ शकते. एक्स-फॅटमध्ये ही अडचण नसते. मात्र ही पद्धत न समजणाऱ्या जुन्या यंत्रात कार्ड घातले तर ‘कार्ड खराब आहे, फॉरमॅट करावे काय’ असा प्रश्न पडद्यावर येतो. वस्तुतः कार्ड खराब नसते. ते वाचण्याची विद्या त्या यंत्रास नसते. अशा वेळी ‘होय’ दाबल्यास वर्षभराच्या नोंदी पुसल्या जातात. म्हणून भरलेले कार्ड दुसऱ्याच्या मोबाइलमध्ये अथवा दुकानातील जुन्या संगणकात घातल्यावर असा प्रश्न आला, तर ‘नाही’ म्हणून कार्ड बाहेर काढावे.

किती जागेचे कार्ड घ्यावे

खताची मात्रा जशी गरज पाहून ठरवितात, तसा कार्डाचा आकारही गरज मोजूनच ठरवावा. सर्वसाधारण कॅमेऱ्याने काढलेले एक छायाचित्र सुमारे ४ एमबी जागा घेते. चांगल्या प्रतीची एक मिनिटाची चित्रफीत सुमारे १३० एमबी जागा घेते. टॅबलेटप्रमाणे या आकड्यांत फरक पडेल. पण अंदाजासाठी ते पुरेसे आहेत.

समजा, देगलूर तालुक्यातील एका कुटुंबाची खरिपात सोयाबीन, तूर व उडीद आणि रब्बीत हरभरा व ज्वारी अशी पिके आहेत. दर आठवड्यास दहा याप्रमाणे चाळीस आठवड्यांत चारशे छायाचित्रे काढली, तर १,६०० एमबी म्हणजे १.६ जीबी जागा लागेल. शेतीशाळेतील प्रात्यक्षिकांच्या पाच मिनिटांच्या वीस चित्रफिती घेतल्या, तर शंभर मिनिटांचे १३ जीबी होतील. मुलाच्या अभ्यासाचे चाळीस पाठ प्रत्येकी २०० एमबी याप्रमाणे ८ जीबी घेतील. सातबारा, पावत्या व माहितीपत्रके यांच्या शंभर प्रतींस ०.१ जीबी पुरेल. एकूण गरज २२.७ जीबी झाली.

आता ३२ जीबीच्या कार्डाचा हिशेब पाहू. असे कार्ड टॅबलेटमध्ये घातल्यावर पडद्यावर ते बहुधा २९.८ जीबी एवढेच दिसते. ही फसवणूक नव्हे. कार्ड बनविणारे दशमान पद्धतीने हजाराचा गुणाकार करतात, तर पुष्कळ यंत्रे १,०२४ चा गुणाकार धरतात. त्यामुळे हा फरक पडतो. याच कारणाने ६४ जीबीचे कार्ड सुमारे ५९.६ जीबी व १२८ जीबीचे सुमारे ११९.२ जीबी दिसते. वरील कुटुंबास ३२ जीबीच्या कार्डात एक वर्ष निभावता येईल व सुमारे ७ जीबी जागा उरेल. दुसऱ्या वर्षी ते अपुरे पडेल. टॅबलेटला चालत असेल तर या कुटुंबाने ६४ जीबीचे कार्ड घेणे योग्य. टॅबलेटची मर्यादा ३२ जीबी असल्यास तेवढेच घ्यावे आणि हंगामाच्या शेवटी जुन्या नोंदी अन्यत्र उतरवून कार्ड मोकळे करावे. गरजेपेक्षा फार मोठे कार्ड घेण्यात आणखी एक तोटा आहे. सर्व नोंदी एकाच ठिकाणी साठतात आणि ते एक कार्ड हरविले म्हणजे सर्वच गमावले जाते.

वेगाच्या खुणा

कार्डावर अनेक इंग्रजी अक्षरे व आकडे दाटीने छापलेले असतात. त्यातील थोड्याच खुणा शेतकऱ्याच्या कामाच्या आहेत.

इंग्रजी ‘सी’ अक्षराच्या कमानीत १० हा आकडा असेल, तर ते कार्ड दर सेकंदास किमान १० एमबी या वेगाने सलग लिहू शकते. ‘यू’ अक्षरात १ असला तरी अर्थ तोच. ‘यू’ अक्षरात ३ असल्यास किमान वेग ३० एमबी समजावा. ‘व्ही’ अक्षरापुढील १०, ३० असे आकडे चित्रफितीसाठीचा किमान वेग दाखवितात. छायाचित्रे व साध्या चित्रफिती यांसाठी ‘सी’मधील १० अथवा ‘यू’मधील १ पुरेसा आहे. अतिशय सूक्ष्म तपशिलाच्या, म्हणजे फोर-के प्रतीच्या चित्रफिती घ्यावयाच्या असतील तरच ‘यू’मधील ३ अथवा ‘व्ही’ ३० पाहावे.

‘ए’ १ आणि ‘ए’ २ या खुणा कार्डावरून ॲप चालविण्याच्या क्षमतेच्या आहेत. ‘ए’ १ च्या कार्डावर दर सेकंदास किमान १,५०० वेळा वाचन व ५०० वेळा लेखन करता येते. ‘ए’ २ साठी हेच आकडे ४,००० व २,००० आहेत. तथापि त्याचा पूर्ण लाभ टॅबलेटमध्ये तशी सोय असेल तरच मिळतो. म्हणून सामान्य टॅबलेटसाठी ‘ए’ १ चे कार्ड घेणे किफायतशीर होय. वेष्टनावर मोठ्या अक्षरांत जो १०० किंवा अधिक एमबीचा वेग लिहिलेला असतो, तो बहुधा वाचण्याचा कमाल वेग असतो. लिहिण्याचा किमान वेग वरील लहान खुणाच सांगतात. तसेच ज्या कार्डाच्या पाठीवर सोनेरी पट्ट्यांच्या दोन ओळी असतात, ते महागडे व अधिक वेगाचे असते. परंतु सामान्य टॅबलेटच्या खाचेत त्याची दुसरी ओळ उपयोगात येत नाही. त्यासाठी जादा पैसे मोजू नयेत.

नकली कार्डाची ओळख

बाजारात नकली कार्डेही येतात. त्यांची रचना समजून घेतल्यास ती इतकी घातक का आहेत, हे ध्यानात येईल. कार्डाच्या आत साठवणुकीच्या भागाबरोबर एक लहानसा नियंत्रक असतो. ‘कार्ड किती मोठे आहे’ असे टॅबलेटने विचारल्यावर उत्तर तोच देतो. नकली कार्डात आतला साठा ८ जीबीचा असला तरी नियंत्रकास १२८ जीबी असे खोटे सांगण्यास शिकविलेले असते. टॅबलेट त्यावर विश्वास ठेवतो. पहिली ८ जीबी माहिती नीट साठते. पुढील माहिती एकतर कोठेच जात नाही किंवा आधीच्या माहितीवर लिहिली जाते. फाइलींच्या नावांची यादी मात्र कार्डाच्या आरंभीच्या भागात असल्याने ती पुष्कळदा शाबूत दिसते. गोदामाच्या वहीत १२८ पोत्यांची नोंद असावी आणि दार उघडल्यावर आत आठच पोती निघावीत, तसा हा प्रकार होय. नाव दिसते, पण छायाचित्र उघडत नाही.

म्हणूनच दोन-चार छायाचित्रे काढून ती उघडून पाहिल्याने कार्डाची परीक्षा होत नाही. आठ जीबी भरेपर्यंत नकली कार्डही खऱ्यासारखेच वागते. सोयाबीन काढणीपर्यंत सर्व ठीक भासते आणि दोष रब्बीच्या मध्यावर दिसू लागतो. तोपर्यंत विक्रेता दुरावलेला असतो आणि पावतीही सापडत नाही.

यावर उपाय म्हणजे कार्डाची ‘उगवण चाचणी’. नवे कार्ड कोरे असतानाच ते पूर्ण भरून पाहावे व भरलेले सर्व परत वाचून पाहावे. विंडोज संगणकासाठी एच-टू-टेस्ट-डब्ल्यू आणि लिनक्स संगणकासाठी एफ-थ्री हे विनामूल्य प्रोग्राम याच कामासाठी आहेत. ते कार्डाच्या टोकापर्यंत ठराविक माहिती लिहितात व नंतर ती जशीच्या तशी परत येते काय, हे तपासतात. दर सेकंदास १० एमबी या वेगाने ६४ जीबीचे कार्ड भरावयास पावणेदोन तासांच्या आसपास लागतात आणि वाचनास त्याखेरीज वेळ लागतो. शाळेतील शिक्षक अथवा सेवा केंद्राचे चालक यांच्या साहाय्याने ही चाचणी करून घेता येईल.

संगणक उपलब्ध नसल्यास स्थूल चाचणी टॅबलेटवरही करता येते. एक दीर्घ चित्रफीत निरनिराळ्या नावांनी पुन्हा पुन्हा कार्डावर उतरवावी व कार्ड पूर्ण भरावे. नंतर टॅबलेट बंद करून पुन्हा सुरू करावा आणि पहिली, मधली व शेवटची प्रत आरंभापासून अखेरपर्यंत चालवून पाहावी. एकही प्रत अडखळली किंवा उघडली नाही, तर कार्ड त्याच दिवशी परत करावे. चाचणी उतरली म्हणजे सर्व प्रती पुसून कार्ड वापरास घ्यावे.

खरेदी करताना नेहमीच्या दुमदार किमतीपेक्षा फारच कमी किमतीचे कार्ड घेण्याचा मोह टाळावा. ५१२ जीबी अथवा १ टीबीचे कार्ड कोणी ३२ जीबीच्या भावाने देऊ लागला, तर त्यात काही तरी गौडबंगाल आहे असे समजावे. कार्ड देगलूरच्या दुकानातून घ्यावे, नांदेड अथवा हैदराबादहून आणावे किंवा घरपोच मागवावे. प्रत्येक प्रसंगी पक्की पावती घ्यावी व वेष्टन चाचणी होईपर्यंत जपावे. कंपनीची हमी असली तरी ती कार्ड बदलून देण्यापुरती असते. गेलेल्या नोंदी त्या हमीने परत मिळत नाहीत. फसवणूक झाल्यास व विक्रेता दाद देत नसल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदविता येते. त्या वेळी पावतीच उपयोगी पडते.

कार्ड घालताना व वापरताना

टॅबलेट बंद करून, स्वच्छ व कोरड्या हातांनी, घरातील उजेडात कार्ड बसवावे. मळणीच्या धुळीत अथवा फवारणीनंतरच्या हातांनी खाच उघडू नये. कार्ड सहज आत गेले नाही तर जोर लावू नये. ते उलटे धरले असण्याचा संभव असतो.

कार्ड प्रथमच घातल्यावर काही टॅबलेट ते कसे वापरावयाचे, असे विचारतात. अँड्रॉइडच्या सन २०१५ च्या सहाव्या आवृत्तीपासून कार्ड टॅबलेटच्या अंतर्गत साठ्याचा भाग करण्याची सोय काही यंत्रांत आहे. तसे केल्यास कार्डावरील माहिती त्या एकाच टॅबलेटच्या किल्लीने कुलूपबंद होते. तो टॅबलेट पाण्यात पडला किंवा बिघडला, तर कार्ड चांगले असूनही दुसऱ्या यंत्रात ते वाचता येत नाही. शेतीच्या नोंदींसाठी कार्ड ‘पोर्टेबल’, म्हणजे काढून नेता येण्याजोगे ठेवणेच हितावह. त्यानंतर कॅमेऱ्याच्या सेटिंग्जमध्ये साठवणुकीची जागा म्हणून एसडी कार्ड निवडावे. ही निवड सर्वच कॅमेऱ्यांत असते असे नाही. नसल्यास दर आठवड्यास छायाचित्रे कार्डावर हलवावीत.

पोर्टेबल कार्ड ज्याच्या हाती पडेल तो ते वाचू शकतो. सबब आधार कार्ड, बँकेचे पासबुक व पासवर्ड यांची छायाचित्रे त्यावर ठेवू नयेत. पुसलेली छायाचित्रेही खास प्रोग्रामने परत मिळविता येतात, म्हणून जुने कार्ड अनोळखी माणसास विकू नये. मात्र याच गुणधर्माचा एक उपयोगही आहे. चुकून काही पुसले गेले तर कार्डावर नवे काही न लिहिता ते तत्काळ बाजूला काढावे व जाणकारास दाखवावे. पुष्कळदा नोंद परत मिळते.

कार्ड बाहेर काढण्यापूर्वी सेटिंग्जमधील स्टोरेज सदरात जाऊन ‘इजेक्ट’ करावे अथवा टॅबलेट बंद करावा. लिहिणे चालू असताना कार्ड खेचल्यास नावांची यादीच बिघडते. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात टॅबलेट उन्हात, मोटारीच्या काचेजवळ अथवा पत्र्याच्या छपराखाली ठेवू नये. कार्ड उष्णता बऱ्यापैकी सोसते; टॅबलेटची बॅटरी मात्र सोसत नाही.

दुसरी प्रत

कार्ड कितीही चांगले असले तरी ते कधी तरी निकामी होते. त्यावर लिहिण्या-पुसण्याच्या फेऱ्यांस मर्यादा असते; शिवाय ते लहान असल्याने हरविते. म्हणून कार्डास तिजोरी न समजता शेतातील गोठा समजावे. माल तेथे काही काळ राहतो. कायमचा ठेवा घरात नेऊन ठेवावा लागतो. खरिपाची काढणी झाल्यावर एकदा व रब्बीची झाल्यावर एकदा, असा वर्षातून दोनदा सर्व नोंदींची दुसरी प्रत करावी. ती संगणकावर, दुसऱ्या कार्डावर अथवा इंटरनेटवरील साठवणुकीत ठेवावी. दुसरे कार्ड त्याच घरात ठेवण्यापेक्षा दुसऱ्या गावच्या नातेवाइकाकडे ठेवणे अधिक सुरक्षित. घरात पाणी शिरले तर दोन्ही प्रती एकदम जाणार नाहीत. अतिवृष्टीने झालेल्या नुकसानीची छायाचित्रे मात्र हंगाम संपण्याची वाट न पाहता त्याच दिवशी दुसऱ्या ठिकाणी पाठवावीत.

सारांश

टॅबलेटच्या नमुन्याचे नाव व कार्डाची मर्यादा प्रथम लिहून घ्यावी. मर्यादा ३२ जीबी असल्यास एसडीएचसी, त्याहून अधिक असल्यास गरजेप्रमाणे एसडीएक्ससी घ्यावे. वेगासाठी ‘सी’ १० अथवा ‘यू’ १ आणि ‘ए’ १ या खुणा पाहाव्यात. पक्की पावती घ्यावी. कार्ड पोर्टेबल ठेवावे. पूर्ण भरून व वाचून पाहिल्याशिवाय त्यावर एकही महत्त्वाची नोंद ठेवू नये. वर्षातून दोनदा दुसरी प्रत करावी.

बियाण्याची उगवण तपासण्यास काही दिवस जातात, पण त्या दिवसांनी हंगाम वाचतो. कार्डाच्या चाचणीस एक संध्याकाळ जाते. ती संध्याकाळ ज्याने दिली, त्याच्या वर्षभराच्या नोंदी गरजेच्या दिवशी त्याच्या हाताशी राहतील.